पहिल्या रविवारआधीचा आठवडा

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये भाकरीचं ताट माझ्या हातात आलं आणि काही न घेता मी ते शेजारच्या बाईंकडे दिलं. पुढे तिसऱ्या बाकावर माझी धाकटी जाऊ बसली होती. तिचा अंबाडा आणि खांद्यावरचा पदर मला दिसत होता. आम्ही दोघी चार वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "बरं केलंस. मन साफ नसताना घेऊ नये." मलाही तसंच वाटत होतं. पण रात्री झोप येईना, म्हणून बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून सावकाश वाचला. पौल करिंथच्या त्या मंडळीवर चिडला होता तो कशासाठी? सगळे जेवायला एकत्र जमायचे, पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊनपिऊन घ्यायचे आणि गरीब तसेच भुकेले राहायचे. 'अयोग्य प्रकारे' हे शब्द त्याच संदर्भात येतात. ते खाण्याच्या रीतीबद्दल आहेत, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाहीत. लायकीच बघायची म्हटली तर त्या मेजाशी कोण बसणार? २८व्या वचनात तो म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून ताट पुढे सरकवावं, असं तो म्हणत नाही. म्हणजे मी सुटले नव्हते. मला जावेकडे जायचं होतं, तेवढं मी टाळलं होतं.

तेव्हापासून पहिल्या रविवारआधीचा आठवडा आमच्या घरी वेगळा असतो. तरुण संघातल्या, नुकतंच लग्न झालेल्या दोघीजणींनी विचारलं, "मावशी, तुम्ही घरात नेमकं काय करता?" म्हणून सविस्तर लिहून काढते आहे.

आधी त्या ताटाबद्दल. रॉयल गूल्ड वायल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या कामाला पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा आधार मिळाला, आणि आमची मंडळी त्या वळणाची. १९७० साली सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यातल्या काही वेदीपुढे गुडघे टेकून प्रभुभोजन घेणाऱ्या होत्या. आमच्याकडे मात्र बाकावर बसूनच ताट हातोहात फिरतं. मला ही रीत फार मोलाची वाटते. पाळकसाहेबांच्या हातून नाही, शेजारणीच्या हातून आपल्याला भाकर मिळते, आणि ती पुढे कुणाला तरी आपणच द्यायची असते. आज तुमच्या शेजारी कोण बसेल ते तुमच्या हातात नसतं.

सोमवारी मी वही काढते. मी नर्स होते, मिरजेला शिकले आणि ३६ वर्षं नोकरी केली. ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायचा असतो. कुठल्या बेडच्या पेशंटला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, सगळं सांगायचं. राहिलेलं लपवलं तर पेशंटच्या जिवावर बेततं, म्हणून 'चारचं इंजेक्शन माझ्याकडून राहिलं' हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. वहीत मी देवापुढे चार्ज देते. पण पापांची यादी करत बसू नका. 'मी रागीट आहे' असं लिहून काही होत नाही. माणसाचं नाव लिहा आणि घडलेली गोष्ट लिहा. 'दूध उतू गेलं म्हणून सुनेला तिच्या आईसमोर बोलले' असं लिहिलं की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं. तीनचार नावं पुरेत. वही कुणाला दाखवायची नाही. रविवारी सकाळी ते पान मी बंबात टाकते.

घरातल्या प्रार्थनेबद्दल त्या दोघींना सगळ्यात जास्त विचारायचं होतं, कारण दोघींच्याही घरी ती सुरू होऊन दहा दिवसांत बंद पडली होती. आमच्याकडेही तसंच झालं होतं. सासरे होते तेव्हा संध्याकाळी तासभर प्रार्थना चालायची आणि माझी मुलं डोळे किलकिले करून फरश्या मोजायची. सासरे गेले, तासही गेला. पुढे मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'रोज रात्री आठ वाजता' ठरवलं की दुसऱ्या आठवड्यात मोडायचं. आता आम्ही घड्याळ धरत नाही, जेवण धरतो. ज्या खाण्याला सगळे एकत्र असतील त्याच्या आधी प्रार्थना. त्याची फर्स्ट शिफ्ट असली की रात्रीच्या जेवणाआधी, सेकंड असली की सकाळच्या पोह्यांआधी. जेवणानंतर नको. पोट भरलं की लहानांना झोप येते आणि मोठ्यांच्या हातात फोन येतो. भूक लागलेली असताना कुणी लांबण लावत नाही. बारा मिनिटांत आटपतं, आणि ते पुरतं.

एका वेळी एकच प्रसंग वाचा, पूर्ण अध्याय नाही. एरवी आम्ही मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचतो. १६ अध्याय, घटना पटापट घडतात, लहान मुलं कंटाळत नाहीत. पहिल्या रविवारच्या आठवड्यात मात्र लूक २२ मधली वल्हांडण सणाची, येशूच्या शेवटच्या जेवणाची रात्र, योहान १३ मधलं पाय धुणं, मत्तय ५ मधलं वेदीजवळ दान ठेवून भावाकडे जाणं, करिंथकरांचा तो अध्याय आणि शनिवारी १०३वं स्तोत्र. लूक नक्की वाचा. त्या मेजावरच, भाकर मोडून झाल्या झाल्या, शिष्य आपल्यात मोठा कोण यावरून भांडले. हे वाचल्यावर आपल्या घरातल्या भांडणाची लाज थोडी कमी होते आणि उठून काहीतरी करावंसं वाटतं.

वाचणारा रोज बदला. ज्याला नुकतं वाचता येऊ लागलंय त्याला आवर्जून द्या, अडखळला तरी मधे बोलू नका. वाचून झालं की एकच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आधी माहीत नसावं. पाय धुण्याचा भाग झाल्यावर मी नातवाला विचारलं, येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र नको का म्हणाला असेल? सात वर्षांचं पोर म्हणालं, "त्याचे पाय लई घाण असतील, म्हणून लाजला असंल." इतकी वर्षं प्रवचनं ऐकली, पण हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी त्यावर काही शिकवण जोडली नाही. आपण जोडायला गेलो की मुलं उत्तर द्यायची थांबतात.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. प्रार्थनेतून मुलांना रागावू नका. "हे प्रभू, आमच्या या लेकराला मोबाईल सोडून अभ्यास करायची बुद्धी दे," असं मुलाच्या देखत म्हणणं म्हणजे देवाच्या आडून टोमणा मारणं आहे. मूल डोळे मिटून, हात जोडून बसलंय, त्याला उलट बोलता येत नाही. बापांनो, मुलांना चिडीस आणू नका, असं इफिसकरांच्या पत्रात आहे. मला वाटतं, मुलांना चिडवायची याहून वाईट जागा नाही. मुलासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी त्यालाच विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" आमच्या नातवाने एकदा पायांत येणाऱ्या मांजरासाठी मागायला सांगितलं. आम्ही मागितलं. शेवटी गीताचं एक कडवं म्हणतो, बहुतेकदा नारायण वामन टिळकांचं, कारण त्यांची चाल अभंगाची असते आणि पेटीशिवायही जमते. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', आणि ताटं घ्यायची.

बुधवार मी भेटीसाठी ठेवते. सगळ्यात अवघड काम हेच.

जावेची गोष्ट सांगायला तिची परवानगी घेतली आहे. सासूबाई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे अंथरुणावर होत्या. त्यांच्या मातीच्या दिवशी घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर मी तिला म्हणाले, "तू फक्त फळं घेऊन यायचीस." त्यानंतर बोलणं बंद झालं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. तिची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरीत जावेच्या घरात पाणी शिरलं. मी मुलाच्या हातून पांघरुणं, तांदूळ, स्टोव्ह पाठवला. माझ्या मनाने मी माझं कर्तव्य केलं होतं, पण मी स्वतः गेले नव्हते. मदत पाठवणं आणि जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नोव्हेंबरात त्या ताटाने दाखवलं.

मी दुपारी चारच्या सुमाराला गेले. जेवणाच्या वेळी कधीच जाऊ नका. मग समोरच्याला राग बाजूला ठेवून पाहुणचार करावा लागतो आणि तो त्याच्यावर अन्याय होतो. एकट्याने जा. सोबत नवरा नेला की बाजू तयार होतात. फोनवर माफी मागू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच, कारण तो मेसेज चार जणांना दाखवला जातो. हातात मिठाईचा पुडा नेऊ नका. बायबलचं वचन तोंडाने काढू नका. ते तुम्हाला सांगितलंय, त्यांना नाही.

आणि बोलायचं ते आधी घरी पाठ करा. मी केलं होतं. "आईंच्या मातीच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले की तू फक्त फळं घेऊन यायचीस. ते खोटं होतं. तू दर गुरुवारी येऊन आईंचं डोकं विंचरायचीस, मला माहीत होतं. मी चुकले." एवढंच. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणायचं नाही. 'पण तूही' असं तर मुळीच नाही. 'पण' आला की आधीचं सगळं पुसलं जातं. घराच्या वाटणीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तो हिशेब वेगळा होता, तो पुढे दीड वर्ष वकिलाकडे बसून सुटला आणि मला हवा होता तसा सुटला नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अक्का, बसा. मी चहा टाकतो." मला माफ केलं असं ती त्या दिवशी म्हणाली नाही. मी मागितलंही नाही. समोरचा कधी माफ करेल ते आपण ठरवायचं नसतं, आणि चहा पिऊन झाला की उठायचं असतं. पुढच्या प्रभुभोजनाला, १ डिसेंबरला, मी भाकर घेतली.

हे सांगताना मला नर्स म्हणून पाहिलेल्या काही बायका आठवतात. हातावर वळ, आणि 'जिन्यावरून पडले' असं सांगणं. त्यातल्या काही आपल्याच मंडळ्यांतल्या होत्या. त्यांना कुणी तरी सांगितलेलं असतं की प्रभुभोजनाआधी नवऱ्याला क्षमा कर आणि परत जा. मत्तयाचा पाचवा अध्याय नीट वाचा. 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आठवलं तर जा, असं तिथे आहे. म्हणजे ज्याने दुखावलं त्याने जायचं. मार खाणाऱ्या बाईला ती आज्ञा नाही. क्षमा करणं म्हणजे त्याच घरात पुन्हा मार खायला जाणं नव्हे. तुमच्यावर असं काही येत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी मदत करतात. तक्रार केली म्हणून कुणाचा विश्वास कमी होत नाही. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी अशा बाईला परत पाठवण्याआधी तिच्या नवऱ्याचं प्रभुभोजन थांबवायचं का, याचा विचार करावा. मला हे मनापासून वाटतं.

गुरुवार पैशांचा. अर्पणाचं पाकीट भरण्याआधी घरातली उधारी बघा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको, असं लेवीय १९ मध्ये आहे. धुण्याभांड्याच्या मावशींचे पगाराचे पैसे, भाजीवालीचे राहिलेले ऐंशी रुपये, इस्त्रीवाल्याचे, हे आधी द्यायचे. मग पाकीट. आमच्याकडे पेन्शनीतला दहावा भाग आधी बाजूला काढतात, पण मी कुणाला तसा आग्रह करत नाही. मुलांना मात्र अर्पणाची नाणी उपासनेत बसल्यावर देऊ नका. ते तुमचं अर्पण होतं, त्यांचं नाही. खाऊच्या पैशांतून त्यांनीच घरी काढून ठेवावं. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, माझा भाऊ गावाहून गुळाची ढेप आणतो, ती उपासनेनंतर लिलावात जाते आणि नातू ओरडून बोली लावतो. देण्याचा आनंद मी त्याला वेगळा शिकवला नाही.

मंडळीत येऊ न शकणाऱ्या एकाकडे शुक्रवारी जा. फार वेळ बसू नका, पंधरावीस मिनिटं. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन हवं असेल तर पाळकसाहेबांना आधी कळवा आणि काय अडचण आहे तेही सांगा. पक्षाघात झालेल्याला किंवा गिळायला त्रास असलेल्याला उशी लावून नीट ताठ बसवा, भाकरीचा अगदी बारीक तुकडा रसात बुडवून मऊ करून द्या, गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरं काही देऊ नका आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना विसरायला होतं, त्यांच्याजवळ बसून २३वं स्तोत्र म्हणा. माझी एक शेजारीण मला ओळखत नव्हती, पण 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हटलं की तिचे ओठ हलायचे.

शनिवारी फारसं काही नाही. कपडे इस्त्री, मुलांचे बूट शोधून ठेवणं, लवकर झोपणं. रविवारी सकाळच्या गडबडीत घरात भांडणं होतात ती बहुतेक हरवलेल्या सॉक्सवरून होतात.

चर्चला दहा मिनिटं आधी पोचा आणि एकट्या बसलेल्या माणसाशेजारी बसा. आमच्याकडे मुलं दृढीकरणानंतर, म्हणजे मोठी होऊन मंडळीपुढे आपला विश्वास स्वतः कबूल केल्यावर, प्रभुभोजन घेतात. लहानग्याला ताट पुढे गेल्याचं वाईट वाटतं, तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि घरी गेल्यावर सांगा की त्याचं नावही आपण तिथे घेतलं. भाकर हातात आली की लगेच खाऊ नका. शेवटच्या बाकापर्यंत जाईतो थांबा. 'एकमेकांची वाट पाहा', हेच तर पौलाने करिंथकरांना शेवटी सांगितलं. आमच्या शेवटच्या बाकावर दोन म्हाताऱ्या आणि एक रिक्षावाले काका बसतात, त्यांच्यासाठी थांबायचं असतं.

उपासनेनंतर फाटकाशी मंडळीच्या कमिटीचं राजकारण काढू नका, विशेषतः मुलं हात धरून उभी असताना. निवडणुकीच्या एका वर्षी आम्ही घरी जाताना वाटेत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांबद्दल फार बोललो. मागे माझा थोरला बसला होता, तेव्हा पंधरा वर्षांचा. पुढे दोन वर्षं तो उपासनेला आला नाही, आणि कारण विचारल्यावर त्याने आमचीच वाक्यं आम्हाला ऐकवली.

मग महिला मंडळाचं काम. प्रभुभोजनाचे छोटे पेले धुवायचे असतात. त्यांना कोमट पाणी वापरा. फार गरम पाण्याने काच तडकते. राहिलेला रस आधी हाताने वेगळ्या भांड्यात काढा, कडेला सुकलेला डाग मऊ कापडाने पुसा, घासणी नको. पालथे घालून सुती पंचावर वाळवा आणि ताटात ठेवताना मोजा. आमचे ४० आहेत. गेल्या महिन्यात मी धूत होते आणि जाऊ पुसत होती. मोजल्यावर ३९ भरले. एक पेला शेवटच्या बाकाखाली सापडला, तो तिने तिथूनच हात उंच करून दाखवला.